हिवताप : रक्तात काय घडतं आणि आपण काय करायचं

सख्यांनो, पावसाळा आला की बैठकीत कुणीतरी "घरी थंडी-ताप आहे" म्हणून लवकर उठतेच. हा हिवताप डासामुळे होतो, हे आपल्याला माहीत आहे. पण डास फक्त वाहून आणतो. आजार करतो तो एकाच पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा परजीवी. ॲनोफिलीस डासाची मादी चावली की तो अंगात शिरतो, आधी यकृतात वाढतो आणि मग रक्तातल्या लाल पेशींत घर करतो.

आपली लाल पेशी मऊ असते. तिच्याहून अरुंद नसेतूनही ती अंग चोरून पार होते. पण फॅल्सिपेरम जातीचा परजीवी आत वाढला की आपली प्रथिनं पेशीच्या बाहेरच्या बाजूला पाठवतो. मग पेशी कडक आणि चिकट होते, नसेतच अडकते. मेंदूत असं झालं तर रुग्ण बेशुद्ध पडतो. गरोदर बाईच्या वारेत या पेशी साचल्या तर बाळाचं पोषण तुटतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं.

पेशी किती कडक झाली, प्रथिनाची घडी कशी आहे, हे मोजणाऱ्या शास्त्राला जीवभौतिकी म्हणतात. पेशी, प्रथिनं आणि परजीवी यांवर आपल्या पुण्यातही अभ्यास चालतो. पाषाणला 2006 साली सुरू झालेल्या आयसर संस्थेत हिवतापाचा परजीवी औषधाला दाद का देईनासा होतो, यावर संशोधन होतं.

या ज्ञानाचा उपयोग थेट आपल्या दारात आहे. आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर टाकतात ना? ती पट्टी परजीवीचं प्रथिनच ओळखते. पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो.

म्हणून एवढं करा :

- ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गरोदर बाई असेल तर आशाताईंना तसं आधी सांगा, कारण तिची औषधं वेगळी असतात.
- ताप उतरला तरी गोळ्या सोडू नका. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात दडून बसतो, म्हणून त्याच्या गोळ्या 14 दिवस असतात. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नका.
- आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवा. रात्री मच्छरदाणी लावा.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि आशाताईंनाही बोलवा.