केळशीच्या वाळूत ५०० वर्षांपूर्वीची त्सुनामी?

सप्टेंबर १५२४. वास्को द गामाचं आरमार हिंदुस्थानच्या किनाऱ्याकडे येत होतं. वारा पडलेला, तरी जहाजं थरथरायला लागली. खलाशांना वाटलं, तळ घासला. दोर सोडून पाहिलं, तर पाणी खोल! एका पोर्तुगीज बखरकाराने ही हकीकत दाभोळजवळची म्हणून लिहिली आहे.

पण नुसत्या बखरीवर भागत नाही. दापोली तालुक्यातल्या केळशीत वाळूची मोठी टेकडी आहे. तिच्यात समुद्री शिंपल्यांचा थर मिळाला आणि बहमनी काळातली नाणीही. नाणं पाडण्याआधी त्यावर वाळू बसणं शक्यच नाही, म्हणून थर त्यानंतरचाच. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी त्याचा संबंध १५२४ च्या त्सुनामीशी जोडला.

गोची इथेच आहे: चक्रीवादळही वाळू आणि शिंपले आत फेकतं. म्हणून तज्ज्ञ थरात खोल समुद्रातल्या सूक्ष्मजीवांची कवचं शोधतात, आणि त्याच काळाचा थर लांबच्या किनाऱ्यावर मिळतो का, हेही बघतात. संशय मकरानच्या समुद्रावर आहे. तिथल्या २८ नोव्हेंबर १९४५ च्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. असं किती वर्षांनी घडतं, हे यंत्रांना विचारून उपयोग नाही. भूकंपमापकांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या. त्यामागचा हिशेब वाळूतच आहे.