कॅपिटल नसलेल्या लिप्या

सोलापूर महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांच्या. यांपैकी एकाही भाषेच्या लिपीत कॅपिटल अक्षर नाही. म्हणून सहावी-सातवीच्या इंग्रजीच्या वहीत गावाच्या नावाचा ‘एस’ अनेकदा स्मॉलच उतरतो. पूर्णविराम, स्वल्पविराम मराठी मुलांच्या ओळखीचे. ते आपल्या गद्यात रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना. त्यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५०चं. उर्दूत मात्र लेखन उजवीकडून, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हही उलट्या तोंडाचे. तिथल्या शिक्षकांचं काम दुप्पट! खरा घोळ अपॉस्ट्रॉफीचा. ‘इट्स’ची दोन्ही रूपं (its आणि it’s) कानाला सारखीच, त्यामुळे श्रुतलेखनात अंदाज चालत नाही, वाक्याचा अर्थच बघावा लागतो. नियम घोकून घेण्यापेक्षा चिन्हं गाळलेला उतारा देऊन ती मुलांकडून भरून घ्यावीत.