वसतिगृहातील उत्सव आणि वाटून घेतलेले काम

विद्यापीठाचे वसतिगृह ही एक विलक्षण वस्ती आहे. गाव, जात, भाषा, घरचा स्वयंपाक आणि घरची शिस्त या सर्वांपासून दूर आलेली अनोळखी तरुण मंडळी येथे एका छपराखाली राहू लागतात. गावाला जसा पूर्वापार चालत आलेला इतिहास असतो तसा तो या वस्तीला नसतो. दर तीन-चार वर्षांनी तिची माणसे बदलतात. साहजिकच तिला आपले एकत्व प्रतिवर्षी नव्याने घडवावे लागते. हे घडविण्याचे नेहमीचे साधन म्हणजे सामूहिक कार्यक्रम. स्वागतसमारंभ, स्नेहसंमेलन, वार्षिक नाटक, सहभोजन, ऋतूंचे उत्सव असे त्याचे अनेक प्रकार आढळतात. हे कार्यक्रम मनोरंजनासाठी असतात असे सामान्यतः मानले जाते आणि म्हणून त्यांचा गंभीरपणे विचार होत नाही. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार एका विशिष्ट अंगाने करावयाचा आहे. वसतिगृहातील कार्यक्रम समूह केव्हा घडवितो आणि केव्हा केवळ गर्दी जमवितो, हा तो प्रश्न होय. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना तो परका वाटू नये. कारण या कार्यक्रमांतून काही महत्त्वाच्या कृती जन्माला आल्या आहेत, आणि त्या कृतींनी याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्नही केला आहे.

१

या विचारासाठी शांतिनिकेतनचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे. रवींद्रनाथ ठाकुर यांनी १९०१ च्या डिसेंबरात येथे ब्रह्मचर्याश्रम सुरू केला तो मोजक्या विद्यार्थ्यांसह. १९२१ मध्ये त्यातून विश्वभारती उभी राहिली आणि १९५१ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथे निवास हा शिक्षणाच्या सोयीसाठी केलेला जोडधंदा नव्हता. एकत्र राहणे हाच शिक्षणाचा गाभा होता. त्यामुळे वर्षाच्या चक्रात उत्सवांना पाठ्यक्रमाइतकेच स्थान मिळाले. पौष उत्सव, वसंतोत्सव, वर्षामंगल आणि १९२८ पासून वृक्षारोपण व हलकर्षण अशी ही मालिका वाढत गेली.

या उत्सवांतून साहित्य कसे निर्माण झाले याचा ठळक नमुना म्हणजे १९०८ मधील ‘शारदोत्सव’ हे नाटक. पूजेच्या सुटीसाठी मुले घरोघरी जाण्यापूर्वी त्यांना सर्वांनी मिळून काही करावे, या गरजेतून ते लिहिले गेले. आश्रमात त्या वेळी मुलगेच होते. म्हणून नाटकात स्त्रीपात्र नाही. मुलांची संख्या मोठी; म्हणून नाटकात मुलांचा मेळाच एक पात्र होऊन वावरतो. रंगभूमीच्या सोयीतून आलेली ही वैशिष्ट्ये नाटकाच्या आशयाशी मात्र एकजीव झाली आहेत.

नाटकाचे कथासूत्र साधे आहे. शरद ऋतूची सुटी लागली आहे. मुले ठाकुरदादांबरोबर खेळायला निघाली आहेत. उपनंद नावाचा एक मुलगा मात्र पोथीची नक्कल करीत बसला आहे. त्याचा गुरू वारला असून त्याच्या डोक्यावर लक्षेश्वर नावाच्या कृपणाचे कर्ज राहिले आहे. ते फेडण्यासाठी हा मुलगा लेखणी चालवीत आहे. संन्याशाच्या वेषात फिरणारा राजा त्याला पाहतो. उपनंदाला कामातून सोडवून खेळात ओढावे, असे तो म्हणत नाही. उलट तो स्वतः त्याच्या शेजारी बसतो, मुलेही बसतात आणि पोथीची पाने वाटून घेतली जातात. ऋण फेडणे हाच शरदाचा खरा उत्सव आहे, असा या नाटकाचा आशय आहे. याच नाटकाला पुढे १९२१ मध्ये नवे रूप देताना रवींद्रनाथांनी त्याचे नाव ‘ऋणशोध’ ठेवले, यावरून त्यांचा भर कशावर होता हे स्पष्ट व्हावे.

वसतिगृहाच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रसंग फार बोलका आहे. प्रत्येक उत्सवाच्या वेळी कोणी तरी उपनंद असतोच. सगळे खेळत असताना ज्याच्या वाट्याला काम आलेले असते, तो. समूहाची कसोटी त्याला खेळायला बोलावण्यात नाही. त्याचे काम वाटून घेण्यात आहे. रवींद्रनाथांनी ही गोष्ट उपदेश म्हणून सांगितली नाही. ती मुलांकडून रंगमंचावर करवून घेतली. स्वतः त्यांनीही पुढे प्रयोगात संन्याशाची भूमिका केली. म्हणजे गुरुजन प्रेक्षक आणि विद्यार्थी नट, अशी विभागणीही येथे राहिली नाही.

२

नाटकात जे साधले ते स्वयंपाकघरात साधणे अवघड असते. शांतिनिकेतनात याचा अनुभव १९१५ मध्ये आला. दक्षिण आफ्रिकेतील फीनिक्स आश्रमाची मंडळी गांधीजींच्या आधी भारतात आली होती आणि काही काळ शांतिनिकेतनात राहत होती. त्यांचा स्वयंपाक ती स्वतःच करीत. १७ फेब्रुवारी १९१५ रोजी गांधीजी तेथे पोहोचले. दोनच दिवसांनी पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले आणि ते वृत्त कळताच गांधीजी पुण्याला गेले. ६ मार्चला ते परतले तेव्हा त्यांनी शिक्षक व विद्यार्थ्यांपुढे एक कल्पना मांडली. पगारी आचाऱ्यांना निरोप देऊन सर्वांनी आपला स्वयंपाक व साफसफाई स्वतः करावी, अशी ती कल्पना होती. रवींद्रनाथांनी तिला संमती दिली आणि मुलांपुढे बोलताना तिचा संबंध थेट स्वराज्याशी जोडला, असे गांधीजींच्या आत्मकथेतून कळते. १० मार्चला प्रयोग सुरू झाला.

आत्मकथेतील हे वर्णन साहित्याच्या अभ्यासकाने सावकाश वाचण्याजोगे आहे. सुमारे सव्वाशे मुले आणि त्यांचे शिक्षक कामाच्या तुकड्या पाडतात. एक तुकडी भाजी चिरते, दुसरी धान्य निवडते, काही शिक्षक स्वयंपाकघर व आजूबाजूची जागा स्वच्छ करतात. पिअर्सन यांच्यासारखा इंग्रज अध्यापक देहभान विसरून राबतो. भांड्यांचा ढीग घासणाऱ्यांचा कंटाळा जावा म्हणून काही विद्यार्थी त्यांच्यापुढे सतार वाजवतात. भांडी घासणे आणि सतार या दोन गोष्टी एका चौकटीत येणे, हे भारतीय समाजजीवनात सहजासहजी घडणारे नव्हते. आश्रमाच्या प्रारंभीच्या वर्षांत जेवणाच्या पंक्तीत जातिभेद पाळला जाई, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चित्राचे वजन कळते. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाचे उष्टे कोणी काढावे, हे ज्या समाजात जन्माने ठरत असे, तेथे कामांची वाटणी नव्याने करणे ही केवळ काटकसर नव्हती.

मराठी वाचकांच्या दृष्टीने येथे आणखी एक दुवा आहे. साताऱ्यात जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर त्या वेळी शांतिनिकेतनात होते. गांधीजींशी त्यांची भेट तेथेच झाली आणि ते पुढे गांधीजींच्या आश्रमात आले. मातृभाषा मराठी, लेखन प्रामुख्याने गुजराती आणि मनावर बंगालच्या या सहवासाचा संस्कार, असे काकासाहेबांचे व्यक्तिमत्त्व घडले. भारतीय भाषांमधील देवाणघेवाणीचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ, अनुवाद आणि नियतकालिके यांची नोंद करतो. अशा सामाईक स्वयंपाकघरांची नोंदही त्यात असावयास हवी.

हा प्रयोग फार काळ टिकला नाही. मात्र त्याची स्मृती टिकली. १० मार्च हा दिवस शांतिनिकेतनात ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नोकरवर्गाला सुटी असते आणि विद्यार्थी व अध्यापक साफसफाईची कामे करतात. तसेच महालयेच्या दिवशी भरणाऱ्या ‘आनंदबाजारा’त विद्यार्थी स्वतः पदार्थ व वस्तू तयार करून दुकाने मांडतात आणि मिळालेला पैसा गरिबांच्या साहाय्यासाठी देतात. ‘फाल्गुनी’ हे नाटक १९१५ च्याच वसंतात आश्रमात सादर झाले आणि १९१६ च्या जानेवारीत बांकुऱ्याच्या दुष्काळग्रस्तांसाठी कलकत्त्यात त्याचा प्रयोग झाला, हेही येथे आठवावे. उत्सव, श्रम आणि दुसऱ्याचे ऋण ही त्रयी या परंपरेत वारंवार एकत्र आलेली दिसते.

तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. रोजचा व्हावयाचा नियम वर्षातील एका दिवसाचा विधी झाला. विधीमुळे स्मृती जिवंत राहते हे खरे. परंतु उरलेल्या दिवसांचे काम पुन्हा ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडेच जाते, हेही तितकेच खरे.

३

याच प्रश्नाला महाराष्ट्रात वेगळ्या मार्गाने सामोरे जावे लागले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे निघाली. ज्यांना शिक्षणाची दारेच बंद होती त्यांना शहरात निवारा मिळणे ही त्या काळी पहिली निकड होती, आणि ती भागविण्यासाठी जातवार वसतिगृहांची वाट धरावी लागली. तिच्या मर्यादाही लवकरच दिसल्या. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव पाटील गेले होते. परत आल्यावर त्यांनी शुद्धिस्नान करण्याचे नाकारले, म्हणून त्यांना ते राहत असलेले बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. वसतिगृहातला एक समारंभ माणसाला आपल्याच वसतिगृहातून बाहेर काढू शकतो, याचे हे उदाहरण होय.

भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यास जे बोर्डिंग उभे केले त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि आपली कामे आपण करू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ते शालेय विद्यार्थ्यांचे होते, विद्यापीठाचे नव्हे; तरी तुलना उद्बोधक आहे. शांतिनिकेतनात श्रमाचा उत्सव झाला. साताऱ्यात श्रम ही दिनचर्या झाली. पहिल्या ठिकाणी गीते, नाटके आणि स्मृतिदिन यांचा मोठा ठेवा जमा झाला. दुसऱ्या ठिकाणी तसा ठेवा कमी, पण पंगत मात्र रोज एकच होती.

विद्यापीठीय वसतिगृहाचे मराठीतील सर्वांत लक्षणीय चित्र भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) आले आहे, आणि ते या दोन्ही आदर्शांच्या उलट दिशेचे आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्यातल्या वसतिगृहात येतो, पदे घेतो, मेस आणि संमेलन यांच्या कारभारात हौसेने पडतो. भोवती माणसे पुष्कळ जमतात, परंतु भार त्याच्या एकट्यावर येतो. कार्यक्रम पार पडतात आणि तो अधिकच एकाकी होतो. ‘शारदोत्सवा’तल्या उपनंदाजवळ येऊन बसणारे कोणी तरी असते, सांगवीकराजवळ तसे कोणी बसत नाही. या कादंबरीतील परात्मतेची चर्चा बहुधा अस्तित्ववादाच्या संदर्भात होते. तिचा एक धागा मेसच्या हिशेबाच्या वहीतही आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

४

आजच्या वसतिगृहांत हा प्रश्न मिटलेला नाही. त्याचे रूप बदलले आहे. नवागतांची ‘ओळख’ करून घेण्याच्या नावाखाली छळ चालतो, तेव्हाही समूह घडविण्याचाच दावा केला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये रॅगिंगविरोधी विनियम केले. शिक्षा व प्रतिबंध यांबरोबरच नव्या-जुन्या विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या उपस्थितीत एकत्र आणणारे सांस्कृतिक व क्रीडाविषयक कार्यक्रम त्यांत सुचविले आहेत. अध्यापकांनी शक्यतो वसतिगृहात विद्यार्थ्यांसमवेत जेवावे, अशीही सूचना त्यांत आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेतून येथे पुन्हा पंगतच डोके वर काढते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

कार्यक्रमांची संख्या आज कमी नाही. केंद्रीय विद्यापीठांत नाना भाषांचे विद्यार्थी एकत्र राहतात; तेथे भाषादिन, प्रादेशिक खाद्यपदार्थांचे मेळावे, कविसंमेलने उत्साहाने होतात. परंतु मंडप ठेकेदाराने घातला, जेवण बाहेरून आले, रंगमंचावर बाहेरचे कलावंत आले आणि उष्ट्या पत्रावळी दुसऱ्या दिवशी सफाई कामगाराने उचलल्या, तर विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ पाहणे उरते. एकत्र पाहिल्याने ओळख होते. एकत्र काम केल्याने नाते होते. मणिपुरी मुलीने आणि विदर्भातल्या मुलाने एकाच चुलीपाशी तासभर घालविला तर मिठाच्या प्रमाणावरून जो वाद होईल, त्यात दोन भाषांचे जितके आदानप्रदान होईल तितके भाषादिनाच्या भाषणांत क्वचितच होते.

अशा कार्यक्रमांचे मूल्यमापन करावयाचे असेल तर गर्दी आणि टाळ्या यांच्यापलीकडे जाऊन काही साधे प्रश्न विचारावे लागतील. त्या दिवशी काम कोणी केले? ते नेहमी करणारी माणसे त्या दिवशी कोठे होती, आणि जेवणाच्या पंगतीत त्यांना जागा होती काय? पैशाचा हिशेब एकाच्या अंगावर पडला की सर्वांनी वाहिला? आणि दुसऱ्या दिवशी त्यातले काही शिल्लक राहिले काय? ज्या वसतिगृहाला या प्रश्नांची उत्तरे न संकोचता देता येतील, तेथे समूह घडला असे म्हणता येईल. इतरत्र उत्सव होतात; उपनंद मात्र आपल्या पोथीपाशी एकटाच असतो.