टोपली, बादली आणि कॉलेजचे संघ
(नभोवाणीवर केलेलें भाषण)

मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. कॉलेजच्या इमारतींत मीं पाऊल टाकलें तें पालक म्हणून. विद्यार्थी म्हणून टाकण्याचा योग आयुष्यांत आला नाहीं. अशा माणसानें कॉलेजांच्या खेळांविषयीं, आणि तेंहि अमेरिकेंतील कॉलेजांच्या खेळांविषयीं, नभोवाणीवरून बोलावें हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु माझी कन्या व जावई इंडियाना राज्यांतील ब्लूमिंग्टन या गांवीं असतात. २०२२ सालीं त्यांच्याकडे कांहीं महिने राहिलों, आणि तेव्हांपासून तेथील विद्यापीठाचे दोन संघ माझ्या डोक्यांत जे शिरले ते अद्याप बाहेर पडलेले नाहींत. तेव्हां आजचें हें बोलणें तज्ज्ञाचें नसून एका नादी माणसाचें आहे. माझीं मतें कोणास एकांगी वाटलीं, तर तीं तशीं आहेतच.

प्रथम खेळांची ओळख करून देतों. फुटबॉल म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पायानें उडविलेला गोल चेंडू येतो. अमेरिकेंत त्या नांवाचा जो खेळ आहे त्याचा पायाशीं संबंध बेताचाच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो हातांत धरून पळावयाचें अथवा दूरच्या गड्याकडे फेंकावयाचा. प्रत्येक बाजूस अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्न मिळतात, आणि तेवढ्यांत निदान दहा यार्ड पुढें सरकावें लागतें. सरकले तर पुन्हां चार प्रयत्न. न सरकले तर चेंडू प्रतिपक्षाकडे. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे बाकीचें पाहतां पाहतां उमजतें. आमच्या जावईबापूंनीं जेवणाच्या टेबलावर मिठाची आणि साखरेची डबी मांडून एका संध्याकाळीं मला तें समजावून दिलें.

बास्केटबॉल आपल्या शाळांतूनहि खेळतात. आपल्याकडे तो वाय्. एम्. सी. ए. या संस्थेच्या द्वारां आला. त्याचा जन्महि तिच्याच एका विद्यालयांत झाला. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकापुढें प्रश्न पडला कीं, हिंवाळ्यांत बाहेर बर्फ असतां अठरा दांडग्या विद्यार्थ्यांना व्यायामशाळेंत गुंतवून ठेवावें कसें? त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या उंच टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. टोपलीला बूड होतें. चेंडू आंत पडला कीं कोणी तरी वर चढून तो काढावयाचा! पुढें हा गृहस्थ कॅन्सस विद्यापीठांत गेला व तेथील संघाचा पहिला कोच झाला. गंमत अशी कीं, त्या नामांकित संघाच्या सर्व कोचांमध्यें ज्याचे पराजय विजयांहून अधिक भरले असा तो एकटाच. खेळ निर्माण करणाराला खेळ जिंकतां आलाच पाहिजे असें नाहीं. आम्हां शिक्षकांना हें ऐकून धीर येतो.

कॉलेजांतील फुटबॉल याहून जुना. ६ नोव्हेंबर १८६९ रोजीं रटगर्स आणि प्रिन्स्टन या न्यू जर्सींतील दोन कॉलेजांत झालेला सामना पहिला मानतात. पुढें हा खेळ इतका दांडगाईचा झाला, आणि त्यांत इतके तरुण दगावूं लागले, कीं १९०५ सालीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठमोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानीं बोलावून समज दिली. दुसऱ्याच वर्षीं चेंडू पुढें फेंकण्यास नियमानें मुभा मिळाली आणि खेळ पुष्कळ मोकळा झाला. कॉलेजांच्या खेळांवर देखरेख ठेवणारी एन्. सी. ए. ए. ही संस्थाहि त्याच घालमेलींतून निघाली.

आतां मुख्य गोष्ट. या संघांचें एवढें वेड कशासाठीं? ब्लूमिंग्टनच्या बास्केटबॉलगृहांत सतरा हजार माणसें मावतात. तेथें माझ्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी बसला होता. बोलतां बोलतां समजलें कीं, तोहि माझ्यासारखाच. कॉलेजांत कधीं शिकलेला नव्हता. तरी संघाविषयीं बोलतांना त्याच्या तोंडीं एकच शब्द होता : ‘आम्ही’. आम्ही १९७६ सालीं एकहि सामना न हरतां अजिंक्यपद मिळविलें. आम्ही पर्ड्यूला हरविलें. इंडियानाच्या संघाचें नांव वाघसिंहाचें नाहीं. त्या राज्याच्या रहिवाशांनाच ‘हूझिअर’ म्हणतात आणि संघाचें नांवहि तेंच. ज्याला कॉलेजचें दार कधीं उघडलें नाहीं त्यालाहि कॉलेजाशीं जोडणारा हा एक धागा आहे. मला त्या दिवशीं कसें वाटलें तें मी सांगत नाहीं. श्रोत्यांनीं समजून घ्यावें.

हा धागा टिकतो कीं तुटतो, याच कसोटीवर मी तेथील सर्व उलाढाली घांसून पाहतों.

माझें पहिलें मत असें कीं, दोहोंत बास्केटबॉल अधिक न्यायाचा खेळ आहे. मार्च महिन्यांत त्याची मोठी स्पर्धा होते. २०११ सालापासून तींत ६८ संघ घेऊं लागले. एकदां हरला कीं घरीं. अशा स्पर्धेंत लहानांना संधि असते. २०२२ सालीं जर्सी सिटींतील सेंट पीटर्स या चिमुकल्या कॉलेजानें बलाढ्य केंटकीला पाडलें आणि अखेरच्या आठांत स्थान मिळविलें. उलट फुटबॉलमध्यें अजिंक्यपदासाठीं कोण खेळणार हें पुष्कळ अंशीं बड्या मंडळींच्या मतावरच ठरत आलें. आधीं दोनच संघ निवडीत. २०१४ पासून चार झाले. २०२४ पासून बारा. दार किलकिलें झालें, एवढेंच.

याच स्पर्धेंतील आणखी एक उदाहरण मी माझ्या वर्गांत सांगितलें असतें. २०१८ सालीं व्हर्जिनियाचा संघ सर्वांत वरचा मानला गेला होता. त्याला मेरिलंड विद्यापीठाच्या बॉल्टिमोर परगण्यांतील शाखेनें, म्हणजे तळच्या सोळाव्या क्रमांकाच्या संघानें, ७४ विरुद्ध ५४ गुणांनीं हरविलें. पुरुषांच्या स्पर्धेंत असें पूर्वीं कधींहि घडलें नव्हतें. सारा देश हंसला. परंतु त्या संघांतील मुख्य मुलें तेथेंच राहिलीं, आणि २०१९ सालीं तोच संघ अजिंक्य ठरला. नापास झालेल्या मुलानें त्याच शाळेंत बसून पुढच्या वर्षीं पहिला नंबर मिळवावा, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरें मत पैशाविषयीं. आपल्याकडील व तिकडीलहि पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात, विद्यार्थ्यांच्या हातीं पैसा आला आणि खेळ नासला. मला तें पटत नाहीं. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा सोज्वळ शब्द कसा जन्मला तें ऐका. १९५५ सालीं कोलोरॅडोंतील एका कॉलेजचा गडी फुटबॉल खेळतांना डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनें कामगारांप्रमाणें नुकसानभरपाई मागितली. १९५७ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें ती नाकारली. असे दावे अंगावर येऊं नयेत म्हणून एन्. सी. ए. ए. नें त्या काळीं हा शब्द प्रचारांत आणला, हें त्या संस्थेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. मैदानावर लाख लाख प्रेक्षक जमावेत, कोचांना राज्याच्या नोकरींतील सर्वांत मोठा पगार मिळावा, आणि डोकें फुटणाऱ्या मुलाला मात्र विद्येचें पावित्र्य सांगावें, हा कुठला न्याय? २०२१ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें खेळाडूंच्या बाजूनें निकाल दिला. त्याच वर्षीं त्यांना आपल्या नांवाचा व कीर्तीचा मोबदला घेण्यास मोकळीक मिळाली. २०२५ सालीं मान्य झालेल्या तडजोडीनें कॉलेजें स्वतःच त्यांना पैसे देऊं लागलीं. पहिल्या वर्षासाठीं प्रत्येक कॉलेजास सुमारें दोन कोटि पांच लाख डॉलरांची मर्यादा ठरली. कामाचा दाम मिळाला. त्यानें कोणाचा ‘आम्ही’ बिघडत नाहीं.

मुलांनीं कॉलेज बदलण्यासंबंधींहि माझें मत हळूहळू पालटलें. पूर्वीं फुटबॉल वा बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलानें कॉलेज बदललें तर त्याला बहुधा एक वर्ष खेळाविना बसावें लागे. कोच मात्र अधिक पगार मिळतांच संघ सोडून उद्यांपासून दुसरीकडे जाऊं शके. २०२१ पासून हें बंधन सैल झालें आणि २०२४ सालीं जवळजवळ सुटलेंच. मला वाटलें, आतां सगळीच धर्मशाळा झाली. आणि तेवढ्यांत आमच्याच इंडियानानें मला धडा शिकविला.

इंडियाना हें बास्केटबॉलचें घर. तेथें पुरुषांचीं पांच अजिंक्यपदें आहेत. त्यांतील तीन बॉब नाइट या कोचच्या कारकीर्दींतलीं. हा मनुष्य कसबी खरा. पण १९८५ सालीं भर सामन्यांत त्यानें खुर्ची भिरकावली, आणि अशा संतापापायींच २००० सालीं त्याला काढावें लागलें. विजय कितीहि मिळोत, मुलांपुढें ज्याला राग आवरत नाहीं त्याला मी थोर शिक्षक म्हणणार नाहीं. फुटबॉलमध्यें मात्र इंडियानाचा संघ देशांत सर्वाधिक पराजय पदरीं असलेल्यांपैकीं एक. एका हंगामांत दहा विजय त्यानें कधींहि पाहिले नव्हते. २०२२ सालीं मीं पाहिलेल्या सामन्यांत मध्यंतरानंतर निम्मे बांक रिकामे झाले होते. २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी हे नवे कोच आले आणि आपल्या जुन्या कॉलेजांतील कित्येक गडी बरोबर घेऊन आले. २०२४ सालीं अकरा विजय झाले. पुढच्या वर्षीं कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा हा तरुण आला. २० जानेवारी २०२६ रोजीं, आपल्याकडे सकाळचे सहा वाजले असतां, मी चहाचा पेला घेऊन अंतिम सामना पाहावयास बसलों. चौथ्या प्रयत्नांत, जेथें बहुतेक संघ हात आंखडता घेतात तेथें, तो पोरगा स्वतः चेंडू घेऊन धांवला आणि पांचसहा जणांत घुसून रेषेपलीकडे पडला. मायामीवर २७ विरुद्ध २१ गुणांनीं विजय. सोळा सामने, सोळा विजय. चहा थंड झाला तो तसाच राहिला. मुलीनें दूरध्वनि केला तेव्हां मागें गांवांतला कल्लोळ ऐकूं येत होता. एक वर्षापूर्वीं आलेला मुलगा, पण गांवानें त्याला परका म्हटलें नाहीं. दहावीच्या वर्षीं दुसऱ्या शाळेंतून आलेला विद्यार्थीहि आपलाच असतो, हें मी मास्तर असून विसरलों होतों.

मग माझी तक्रार कोणाविरुद्ध? ती मुलांविरुद्ध नाहीं; मोठ्यांविरुद्ध आहे. शेजारच्या कॉलेजांनीं मिळून मंडळें स्थापावीं व वर्षानुवर्षें एकमेकांशीं खेळावें, ही तेथील शंभर वर्षांहून जुनी रीत. आतां दूरचित्रवाणीच्या पैशासाठीं तीं मंडळें मोडून जोडलीं जात आहेत. ‘बिग टेन’ या मंडळानें २०२२ सालीं सात वर्षांसाठीं सातशें कोटि डॉलरांहून अधिकाचा करार केला, आणि २०२४ पासून त्यांत अठरा विद्यापीठें आहेत. दहा म्हणजे अठरा, हें गणित मी कोणत्याहि मुलाला शिकविलें नसतें! पॅसिफिक किनाऱ्यावरचें जुनें मंडळ त्या वर्षीं दोन विद्यापीठांवर आलें. स्टॅनफर्ड आणि बर्कलीचें कॅलिफोर्निया हीं पॅसिफिककांठचीं विद्यापीठें ‘अटलांटिक किनारा’ नांवाच्या मंडळांत गेलीं. भूगोलाचाहि असा निकाल लागला. पोहणाऱ्या व धांवणाऱ्या मुलामुलींनींहि आतां सामन्यांसाठीं साऱ्या खंडावरून उडत जावयाचें. ओक्लाहोमांतील दोन मोठीं विद्यापीठें १९१० पासून दर वर्षीं फुटबॉल खेळत. एकानें मंडळ बदललें आणि २०२३ नंतर तो सामना बंद पडला. तेथील एखाद्या आजोबानें नातवाला आतां काय दाखवावें?

इंडियाना व पर्ड्यू यांच्यामध्यें १९२५ पासून एक जुनी लांकडी बादली ठेवलेली आहे, विहिरीवर असते तशी. दर वर्षीं फुटबॉलचा सामना जो जिंकेल त्याच्याकडे ती राहते, आणि तिच्या साखळीला त्याच्या आद्याक्षराची एक कडी जोडतात. पहिला सामना बरोबरीनें सुटला, म्हणून पहिल्या कडीवर दोघांचींहि अक्षरें आहेत. त्या बादलीचा बाजारभाव कांहींच नाहीं. पण श्रोतेहो, शेजाऱ्यांनीं शंभर वर्षें जोडलेली साखळी कोणत्याहि करारानें विकत मिळत नाहीं. मुलांना दाम द्यावा, त्यांना हवें तेथें शिकूं द्यावें. परंतु शेजार विकूं नये. तो विकला कीं माझ्या शेजारीं बसलेल्या त्या शेतकऱ्याला ‘आम्ही’ म्हणण्याजोगें कांहीं उरणार नाहीं, आणि मलाहि.