विश्लेषण : घरचा वायफाय राउटर स्वतः घडवता येतो का?

वैनगंगेकाठच्या पवनीत असो वा नागपुरात, घरात फायबरची जोडणी आली की भिंतीवर एक छोटे खोके बसते. पुढची काही वर्षे त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. घरातले मोबाइल बदलतात, टीव्ही बदलतो. राउटर मात्र तोच राहतो. बँकेचे व्यवहार, सरकारी अर्ज, मुलांचा अभ्यास सारे त्याच्यातूनच जाते. कंपनीने या खोक्याकडे पाठ फिरवली, तरी ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकून ते पुढे सुरक्षित चालवता येते. ते कसे करावे आणि कोणी करू नये, याचा हा आढावा.

राउटर म्हणजे नेमके काय?

राउटर हा एक लहानसा संगणकच आहे. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि थोडी साठवण असते. त्यातील सॉफ्टवेअरला फर्मवेअर म्हणतात आणि अनेक राउटरमध्ये ते लिनक्सवर आधारलेले असते. घरातील प्रत्येक उपकरणाला अंतर्गत पत्ता देणे, बाहेरच्या एकाच जोडणीवर सर्वांना वाट करून देणे, नको ती बाहेरची विचारणा अडवणे आणि वायफाय पुरवणे ही त्याची कामे. म्हणजे घराच्या इंटरनेटचा दरवाजा आणि चौकीदार दोन्ही तोच.

अपडेट थांबले तर काय बिघडते?

सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी सापडत राहतात. कंपनीने दुरुस्ती देणे थांबवले की ती त्रुटी उघडीच राहते. राउटर चालू असतो, दिवे लुकलुकतात, त्यामुळे घरच्यांना काही कळत नाही. मे २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ या घातक सॉफ्टवेअरने किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख उपकरणांत शिरकाव केला होता. त्यात बहुतांश घरगुती आणि छोट्या कार्यालयांतील राउटर होते. त्या वेळी अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले होते.

ओपन सोर्स राउटरची सुरुवात कशी झाली?

निळ्या-काळ्या रंगाच्या एका राउटरपासून. लिंकसिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. पुढच्या वर्षी सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी काही जाणकारांच्या लक्षात आले की या राउटरमध्ये लिनक्स वापरले आहे. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार असे उत्पादन विकणाऱ्याला त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो. मागणी वाढली आणि कंपनीने कोड खुला केला. त्याच्या आधारे २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प सुरू झाला. आज तो शेकडो मॉडेलवर चालतो.

पुढे कंपनीने या राउटरची मेमरी घटवून लिनक्सही काढून टाकले. ग्राहकांची मागणी मात्र कायम होती. शेवटी लिनक्सवाला ‘डब्ल्यूआरटी५४जीएल’ हा वेगळा राउटर विकायला काढावा लागला.

भारतात याचा उपयोग झाला आहे का?

झाला आहे. केंद्र सरकारने २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरासाठी खुला केला. लगेच पुढच्या महिन्यात हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे स्वस्त राउटरमध्ये बदल करून, ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालणारे सामुदायिक वायफाय जाळे उभे राहिले. डोंगराळ भागातील संस्था आणि शाळा त्याने जोडल्या गेल्या. ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये खुला झाला.

महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यात वेगळी वाट धरली. ऑप्टिकल फायबर फार तर ग्रामपंचायतीपर्यंत येते, पाड्यांवर पोहोचत नाही. म्हणून दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पाड्यांपर्यंत नेले आणि तिथे वायफाय दिले. सुमारे २५ चौरस किलोमीटर परिसरातील १३ गावांत ही चाचणी झाली. तार कुठपर्यंतही येवो, शेवटचा दुवा गावातला किंवा घरातला राउटरच असतो, हे दोन्ही प्रयोगांतून दिसते.

कोणता राउटर निवडावा?

इंटरनेट कंपनीने दिलेल्या खोक्यात बदल करू नये. ते बहुधा कंपनीच्या मालकीचे असते. त्याच्या मागे आपला वेगळा राउटर जोडावा. विकत घेण्यापूर्वी ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत मॉडेल आहे का, ते पाहावे. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेलसोबत व्हर्जन क्रमांकही असतो. नाव एकच असले तरी व्हर्जन बदलले की आतली चिप वेगळी असू शकते. फसगत इथेच होते.

साठवण किमान १६ एमबी आणि रॅम १२८ एमबी असावी. ४ एमबी साठवण आणि ३२ एमबी रॅमच्या जुन्या राउटरवर नव्या आवृत्त्या बसत नाहीत. मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या अनेक चिपना चांगला आधार आहे. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपना तो कमी मिळतो. प्रकल्पाने स्वतःचा ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ राउटरही २०२४ मध्ये आणला. त्याची किंमत ८९ डॉलर होती; बाहेरून मागवल्यास वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळे.

जुना संगणक वापरला तर?

दोन नेटवर्क पोर्ट असलेल्या जुन्या संगणकावर ‘ओपीएनसेन्स’ किंवा ‘पीएफसेन्स’ ही मोफत प्रणाली टाकून दणकट राउटर तयार होतो. वायफायसाठी मात्र वेगळे उपकरण लागते. दुसरा प्रश्न विजेचा. ५० वॉटचा संगणक चोवीस तास चालला तर महिन्याला ३६ युनिट जळतात. ८ वॉटच्या राउटरला सुमारे ६ युनिट पुरतात. छोट्या कार्यालयाला हा खर्च परवडेल, घराला लहान राउटरच बरा.

सॉफ्टवेअर बसवायचे कसे?

१. आधी जुन्या राउटरच्या सर्व सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढावेत. जोडणीचे युजरनेम, पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅन क्रमांक इंटरनेट कंपनीकडून लिहून घ्यावा.

२. प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलची आणि व्हर्जनची ‘फॅक्टरी’ फाइल उतरवावी. सोबत दिलेला चेकसम जुळतो का, हे तपासावे. फाइल अर्धवट उतरली असेल तर इथेच कळते.

३. लॅपटॉप आणि राउटर केबलने जोडावेत, वायफायवरून हे काम करू नये. राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा. फाइल चढत असताना वीज गेली तर राउटर निकामी होऊ शकतो.

४. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर ब्राउजरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडून सर्वांत आधी पासवर्ड ठेवावा. नव्या प्रणालीत वायफाय बहुधा बंदच असते. ते सुरू करताना देश म्हणून भारत निवडावा, म्हणजे लहरी आणि शक्ती इथल्या नियमांत राहतात. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावे.

५. इंटरनेट येत नसेल तर दोन्ही खोक्यांचा पत्ता एकच आहे का, ते पाहावे. कंपनीचे खोकेही अनेकदा १९२.१६८.१.१ वरच असते. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ केला की अडचण सुटते.

मग फायदा काय?

पहिला फायदा सुरक्षेचा. ओपनडब्ल्यूआरटीच्या मोठ्या आवृत्त्या अलीकडे साधारण वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने येतात आणि मधल्या काळात दुरुस्त्या मिळत राहतात. दुसरा फायदा नियंत्रणाचा. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय, मुलांच्या मोबाइलसाठी वेळेचे बंधन, साऱ्या घरासाठी जाहिरातींना अटकाव ही कामे एकाच जागी होतात.

रोज जाणवणारा फायदा तिसरा. घरात एकाने लग्नाचा व्हिडिओ पाठवायला घेतला की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. जोडणीचा वेग पुरेसा असूनही असे होते, कारण राउटरमध्ये डेटाची लांब रांग लागते आणि आवाजाचे छोटे तुकडे मोठ्या फाइलच्या मागे अडकतात. ओपनडब्ल्यूआरटीमधील ‘एसक्यूएम’ ही सोय प्रत्येकाला थोडी थोडी वाट देते. त्यासाठी वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवावी लागते. ५० एमबीपीएस मिळत असतील तर ४५. थोडा वेग सोडला की कॉल तुटणे थांबते.

पवनीसारख्या गावात काय सांभाळावे?

पूर्व विदर्भातील मे महिन्याचा उन्हाळा राउटरलाही सोसत नाही. टिनाच्या छताखाली, बंद कपाटात किंवा टीव्हीच्या मागे तो ठेवू नये. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ फारसे पार जात नाही. मागच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्झ सुरू ठेवावे किंवा केबल ओढून दुसरा राउटर लावावा. वीज जाण्या-येण्यावर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस हा स्वस्त उपाय आहे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर काढावाच, घराबाहेरून आलेली तांब्याची केबलही सोडवून ठेवावी. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, तांब्यातून येते.

हे कोणी करू नये?

घरात एकच राउटर असेल आणि दुसऱ्या दिवशी परीक्षेचा अर्ज भरायचा असेल, तर हा प्रयोग त्या दिवशी नको. फर्मवेअर बदलल्यावर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. इंटरनेट कंपनीचा कर्मचारी या प्रणालीसाठी मदत करेलच असे नाही. बिघाड झाला तर बहुतेक मॉडेल परत आणण्याची युक्ती असते, पण ती आधी वाचून ठेवावी लागते. भंडारा किंवा नागपूरला नेऊन दुरुस्त होईल या भरवशावर राहू नये. शेजाऱ्यांना पैसे घेऊन इंटरनेट देणे हाही घरगुती विषय नाही. दुकानदारांसाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनीही तीन गोष्टी आजच कराव्यात : राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा, बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद ठेवावी आणि कंपनीचे शेवटचे अपडेट कधी आले ते पाहावे. ती तारीख काही वर्षांपूर्वीची निघाली, तर राउटर बदलण्याची किंवा त्यातील सॉफ्टवेअर बदलण्याची वेळ झाली आहे.