चिंच उतरविताना दोराचा आधार

फाल्गुन लागला, की सोलापूर जिल्ह्यात बांधावरच्या चिंचा उतरविण्याची घाई सुरू होते. बार्शीची बाजारपेठ चिंचेसाठी नावाजलेली असल्याने मालाला गिऱ्हाईक मिळते. पाणी न मागता ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती चार पैसे देणारे असे दुसरे झाड क्वचितच आढळते. परंतु जुनी चिंच पन्नास-साठ फूट उंच होते, आणि आकडी घेऊन तिच्या शेंड्याकडे जाणारा मनुष्य बहुधा अनवाणी व विनाआधार चढतो. तेथून पडलेला मनुष्य वाचला, तरी कण्याला इजा होऊन जन्माचा अधू होण्याचा संभव असतो.

चिंचेचे लाकूड चिवट, ते मोडत नाही, असा समज आहे. हिरव्या फांदीपुरता तो बराचसा खरा आहे. वाळलेली किंवा आतून पोखरलेली फांदी मात्र एकाएकी मोडते. शिवाय झोडपणी करताना दोन्ही हात काठीवर असल्याने तोल गेला तर फांदी धरण्यास हात उरत नाही. म्हणून दोर हवा, आणि तो मनुष्याच्या आधी झाडावर गेला पाहिजे. वर गेल्यानंतर बांधलेला दोर चढतानाच्या अपघातात उपयोगी पडत नाही.

वर्षावनांतील संशोधकांनी हीच रीत अंगीकारली आहे. तेथील वृक्षांचे सोट फार उंचापर्यंत बिनफांदीचे असतात. त्यामुळे प्रथम बारीक दोरी फांदीवरून पलीकडे टाकून तिच्या साहाय्याने जाड दोर ओढून घेतात. चिंचेसाठीही तेच करावे. पाव किलो वाळूची लहान पिशवी सुतळीला बांधून सोटाजवळच्या, मांडीएवढ्या जाड व जिवंत फांदीवरून फेकावी. जोंधळ्याच्या राखणीत गोफण फिरविलेल्यास हे काम अवघड जाऊ नये. मग सुतळीने मुख्य दोर ओढून त्याचे एक टोक त्याच झाडाच्या बुंध्याशी पक्के बांधावे. अशा रचनेत फांदीवर चढणाऱ्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो. म्हणून चढण्यापूर्वी दोन माणसांनी जमिनीलगत एकदम दोराला लोंबकळून फांदीची परीक्षा घ्यावी.

दोर कोणता घ्यावा? घरातील कासरा, चऱ्हाट किंवा विहिरीचा जुना नाडा या कामी मुळीच वापरू नये. काथ्या व अंबाडीचे दोर ओलीने आतून कुजतात. नायलॉनचा दोर वर्षभर उन्हात पडला तर वरून चांगला दिसूनही कमजोर होतो. गिर्यारोहणासाठी किंवा उंचीवरील कामासाठी बनविलेला ११ ते १३ मिलीमीटर जाडीचा, कमी ताणणारा दोर घ्यावा. तसेच कमर व दोन्ही मांड्यांना धरणारा पट्टा आवश्यक होय. नुसत्या कमरेला दोर बांधून लटकल्यास पोट आवळून श्वास कोंडतो.

चढण्याची युक्ती एका गाठीत आहे. ऑस्ट्रियातील गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांच्या नावाने ती ओळखली जाते व १९३१ पासून प्रचारात आहे. मुख्य दोराहून बारीक दोरीचा फास त्या दोराभोवती तीन वेढे देऊन गुंफतात. भार नसताना ही गाठ हाताने वर सरकते. भार पडताच दोराला घट्ट पकडते. असा एक फास पट्ट्याला व दुसरा पायासाठी घ्यावा. पायावर उभे राहून वरची गाठ सरकवावी, पट्ट्यात बसून खालची सरकवावी. वर पोहोचल्यावर आखूड पट्ट्याने फांदीला दुसरा आधार घ्यावा. दोन्ही आधार एकाच वेळी कधीही सोडू नयेत. उतरताना झरकन घसरू नये, कारण घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन वितळते.

गाठी प्रथम अंगणात, नंतर तीन-चार फूट उंचीवर जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखाली शिकाव्यात. चढण्यापूर्वी उतरणे शिकावे. नारळासाठी मिळणारे चढण्याचे यंत्र सरळ सोटाचे आहे, फांद्या फुटलेल्या चिंचेवर ते चालत नाही. चढण्याच्या दिवशी आग्या मोहोळ, विजेच्या तारा व वाळक्या फांद्या खालूनच पाहून घ्याव्यात.

अनुभवी मनुष्यालाही दोर तपासण्यातून सूट नाही. वर्षावनांच्या शेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या, भारतीय वडिलांच्या कन्या नलिनी नाडकर्णी यांना या कामाचा दशकांचा अनुभव होता. तरीही २०१५ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात दोराने दगा दिल्याने त्या सुमारे ५० फुटांवरून पडल्या. त्या बचावल्या आणि संशोधनाकडे परतल्या.

कोणी पडल्यास त्याला उठवून बसवू नये, मान हलवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोरावर निश्चल लटकलेल्यास मात्र तातडीने खाली घ्यावे, कारण रक्त पायांत साचून थोड्याच वेळात जीव धोक्यात येतो. यासाठी खाली दोराची माहिती असलेला एक मनुष्य सतत हजर असावा.

उंचावरून पडून झालेला अपघात २०२३ पासूनच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत येतो. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. परंतु ही योजना खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. झाडावरच सौदा करून व्यापारी जो मजूर आणतो, त्याच्या नावे बहुधा सातबारा नसतो. तेव्हा सौदा ठरवितानाच दोर व पट्टा कोणी आणावयाचा हे शेतकऱ्याने बोलून घ्यावे, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी चावडीवर ही गोष्ट काढावी.