रात्रीचे अम्लपित्त : समज आणि उपाय

जेवण पचले नाही म्हणजे मराठी माणूस ‘घशाशी आले’ असे म्हणतो. कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत आलेल्या पूर्वजांबरोबर ही भाषा समुद्र ओलांडून आली. या दोन साध्या शब्दांत रोगाचे मर्म सामावलेले आहे. जे खाली राहावयाचे ते वर येते, हाच खरा विकार होय. प्राचीन वैद्यांनीही हे ओळखले होते. ‘माधवनिदान’ या ग्रंथात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण असून, वर जाणारे ते ऊर्ध्वग आणि खाली जाणारे ते अधोग, असे त्याचे दोन भेद सांगितले आहेत.

मनुष्याची अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते. जेथे ती जठरास मिळते, तेथे स्नायूंचे एक कडे असते. घास गिळताना ते उघडते आणि लगेच मिटते. जठरातील आम्ल हे शत्रू नव्हे. अन्न पचविणे आणि अन्नाबरोबर आलेल्या जंतूंचा नाश करणे ही त्याची कामे आहेत. जठराच्या आतील बाजूस चिकट द्रवाचा थर असल्यामुळे तेथे त्याचा सहसा उपद्रव होत नाही. अन्ननलिकेस मात्र असे कवच नाही. कडे सैल पडले किंवा अवेळी उघडले, म्हणजे आम्ल वर चढते आणि छातीत जळजळ सुरू होते. ‘पित्त वाढले’ असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळ वेळा पित्त वाढलेले नसते, त्याने आपली जागा सोडलेली असते.

हा त्रास रात्रीच अधिक का व्हावा? दिवसा अन्ननलिकेचे तीन रक्षक जागे असतात. पहिला रक्षक पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण. मनुष्य बसलेला वा उभा असला, की वर आलेले आम्ल पुन्हा खाली ओढले जाते. दुसरा रक्षक लाळ. ती आम्लाचा तीव्रपणा मारते. तिसरा रक्षक गिळण्याची क्रिया. ती अन्ननलिका वारंवार धुऊन काढते. झोपेत शरीर आडवे होते, लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणे क्वचितच घडते. त्यामुळे रात्री वर आलेले आम्ल तेथेच दीर्घकाळ रेंगाळते. तोंडास आंबट पाणी सुटणे, मध्यरात्री ठसका लागून जाग येणे, सकाळी आवाज घोगरा होणे, दातांवरील चकाकी झिजणे, ही त्याचीच लक्षणे असू शकतात. दम्याच्या रोग्याचा दमाही यामुळे बळावू शकतो.

पहाटे कोयता घेऊन मळ्यावर जाणाऱ्या मजुरास लवकर जेवून लवकर निजणे भागच होते. आज त्याचे पणतू कचेरीतून, कारखान्यातून वा हॉटेलातील पाळीवरून रात्री परततात. दिवसातले सर्वांत मोठे जेवण तेव्हा होते, आणि जेवणानंतर लागलीच अंथरूण गाठले जाते. भरलेले जठर आडवे केले, की तेथील कड्यावर भार येणारच.

म्हणून पहिला उपाय औषधाचा नसून घड्याळाचा आहे. रात्रीचे जेवण आणि झोप यांत निदान तीन तासांचे अंतर असावे. उशिरा घरी येणाऱ्याने दुपारी पोटभर जेवावे आणि रात्री हलके खावे. फराटा, दालपुरी, टोमॅटोचे रुगाय, तिखट अशार हे पदार्थ कायमचे वर्ज्य करण्याचे कारण नाही; ज्याला जे बाधते, त्याने ते रात्री टाळावे. तळलेले पदार्थ, चॉकलेट, कॉफी आणि पुदिना यांचाही पुष्कळांना त्रास होतो. गणेशचतुर्थीचे मोदक आणि करंज्या दिवसा खाव्यात, म्हणजे प्रसादाचा प्रसादच राहील. रम आणि तंबाखू यांनी ते कडे सैल पडते. पोटाचा घेर वाढला असेल, तर वजन उतरविण्याने मोठा गुण येतो.

दुसरा उपाय अंथरुणाचा. पलंगाच्या उशाकडील पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच करावी. उशांची चळत रचू नये. तिने शरीर कमरेत वाकते आणि पोटावरील दाब उलट वाढतो. शक्य तर डाव्या कुशीवर निजावे. तसे निजल्याने वर आलेले आम्ल लवकर ओसरते, असे नेदरलँड्समधील संशोधकांना २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

रात्री दूध पिऊन क्षणभर बरे वाटते. परंतु दुधामुळे जठरात पुन्हा आम्ल पाझरते. खाण्याच्या सोड्यात सोडियम असल्याने रक्तदाबाच्या रोग्याने त्याची सवय लावू नये. ओमेप्राझोलसारखी गोळी सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असते. जळजळ सुरू झाल्यावर घेतल्यास तिचा तत्काळ उपयोग होत नाही. ती किती दिवस घ्यावी, हे डॉक्टरांनीच ठरवावे. काही वेदनाशामक गोळ्यांनीही हा त्रास वाढतो. म्हणून आपण कोणती औषधे घेतो, ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

येथे एक इशारा सर्वांनी ध्यानात ठेवावयास हवा. मॉरिशसमध्ये मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे. मधुमेहाने काहींचे जठर मंद होते आणि अम्लपित्त वाढते. त्याचबरोबर मधुमेही माणसाचा हृदयविकार पुष्कळदा तीव्र कळेवाचून, नुसत्या जळजळीच्या किंवा अपचनाच्या रूपाने येतो. ‘वायू झाला असेल’ असे म्हणून सोडा पाजीत बसल्याने मोलाचा वेळ जातो. छातीत दाटून येणे, कळ हातात वा जबड्यात जाणे, घाम फुटणे, धाप लागणे, यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता ११४ या क्रमांकावर सामूची रुग्णवाहिका बोलवावी.

घास अडकणे, रक्ताची उलटी, काळा शौच, कारणाविना वजन घटणे, ही लक्षणेही घरगुती उपायांची नव्हेत. वर्षानुवर्षे आम्ल लागत राहिल्यास अन्ननलिकेला व्रण पडतात, ती अरुंद होते आणि क्वचित कर्करोगही संभवतो. सरकारी रुग्णालयात विनामूल्य तपासणी होत असता संकोच कशाला?

आपल्या घरांत वडीलधारी मंडळी रात्रीचे दुखणे बहुधा कोणास सांगत नाहीत. मुलांची झोप मोडू नये, हा त्यांचा हेतू असतो. मुलासुनांनी तेव्हा आपण होऊन विचारावे, जेवणाची वेळ थोडी अलीकडे आणावी आणि पलंगाखाली दोन ठोकळे सरकवावेत. एवढ्याने अनेकांना सुखाची झोप लागेल.